गॅस बंद केला की नाही, तेच आठवत नाही

प्रश्न: मला ओसीडी (नको ते विचार डोक्यात येत राहतात आणि तीच गोष्ट परत परत करावीशी वाटते, तो आजार) आहे, वय २९, बँकेत आहे. निघताना गॅसचं बटण परत परत बघते तरी जिन्यात आल्यावर वाटतं, बंद केला का नक्की? ऑफिसात एकच मेल कितीदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. आजीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होता, मलाही तेच होतंय का? आई रोज भिजवलेले बदाम देते. मेंदूचा स्कॅन करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी आजीची भीती बाजूला ठेवा, तुम्ही सांगताय ते डिमेन्शियासारखं अजिबात वाटत नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाऊट आणि किंट यांनी ओसीडी नसलेल्या विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी कुठले बर्नर तपासले हे त्यांनी बरोबर सांगितलं, पण ती आठवण त्यांनाच धूसर वाटायला लागली, खात्री वाटेना. म्हणजे चांगल्या मेंदूचंही हेच होतं. तीच गोष्ट दहादा केली की हात आपोआप चालतो, डोळे नीट बघत नाहीत, आणि मग अजून एकदा बघावंसं वाटतं.

मेलचं वेगळं आहे. डोक्यात सतत "चुकलं तर?" चालू असेल तर वाचायला लक्ष उरणार कुठून? ओसीडीत काहींना चाचण्यांमध्ये वेग थोडा कमी येतो, बारीकसारीक तपशिलात अडकायला होतं, हे खरंय. पण त्यावरून बुद्धी गेली असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

बदाम खा की, पण इलाज म्हणून नको. खरा उपाय ईआरपी थेरपी, म्हणजे बटण एकदाच बघायचं आणि शंका तशीच घेऊन जिना उतरायचा, सुरुवातीला जीव कासावीस होतो पण हळूहळू तो ताण सोसता येतो. मोबाईलवर बटणाचा फोटो काढून ठेवणं हेही चेकिंगच बरं का. आणि आईला सांगा, "हो गं, बंद केलास" असं दरवेळी म्हणू नको, ती मायेनंच म्हणते पण त्यानं शंका वाढते.

गोळ्या चालू असतील तर पूर्ण गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. क्लोमिप्रामीन या ओसीडीवरच्या गोळीनं कधी गुंगी येते, विसरायला होतं, तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका. फक्त एवढ्यासाठी स्कॅन नको, ओळखीचे रस्ते चुकायला लागले तर मात्र लगेच दाखवा. जवळ थेरपिस्ट सापडत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन करा, फुकट आहे, मराठीतही बोलतात.