सोडत निघण्याआधी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

‘महिला राखीव जागा मिळाली तर उभी राहीन,’ असं तू महापालिकेच्या निवडणुकीबद्दल कळवलंस. आमचं सगळं म्हणणं या एका वाक्याभोवती आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पुणे महापालिकेच्या जानेवारी 2026च्या निवडणुकीत 165 जागा होत्या, त्यातल्या 83 महिलांसाठी राखीव. चार सदस्यांच्या प्रभागात दोन जागा बायकांच्या असतातच. पण त्या कोणत्या प्रवर्गाच्या, हे दर निवडणुकीला सोडतीत, म्हणजे चिठ्ठ्या काढून, नव्यानं ठरतं. आज जी जागा सर्वसाधारण महिलेची आहे ती पुढच्या वेळी अनुसूचित जातीच्या किंवा ओबीसी महिलेची होऊ शकते. मग पाच वर्षं प्रभाग सांभाळलेल्या बाईला ‘या वेळी थांबा’ असं सांगितलं जातं. उरलेल्या दोन जागांवर बाईनं उभं राहायला कायद्याची काहीच आडकाठी नसते, तरी तिकीटवाटपात तिचं नाव त्या रकान्यात लिहायचं कुणाला सुचत नाही. निम्म्या जागा ही किमान मर्यादा होती, ती कमाल होऊन बसली आहे. म्हणून तयारी करायची ती खुल्या जागेची. राखीव जागा आलीच तर ती तयारी वाया जात नाही.

प्रभागाची रचनासुद्धा गृहीत धरू नकोस. पुण्यात 2012 साली दोन सदस्यांचा प्रभाग होता, 2017 मध्ये चार सदस्यांचा झाला. नकाशा बदलला की तुझी अर्धी वस्ती शेजारच्या प्रभागात जाऊ शकते. म्हणून काम एका गल्लीपुरतं ठेवू नकोस, आजूबाजूच्या दोन-तीन वस्त्यांत तरी ओळख हवी.

आता कागदपत्रं. बायकांचे अर्ज इथे जास्त अडकतात आणि त्याचं कारण साधं आहे: आपलं नाव लग्नानंतर बदलतं, कागद बदलत नाहीत. मतदार यादीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जातीच्या दाखल्यावर शाळेतलं. छाननीच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याचा वकील नेमकं हेच बोट ठेवतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र आत्ताच काढून ठेव. राखीव प्रवर्गातून उभी राहणार असशील तर लक्षात घे, जात वडिलांकडून ठरते, नवऱ्याकडून नाही. म्हणजे पुरावे माहेरचे लागतात आणि जुने लागतात. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचे. आजोबांचा शाळेचा दाखला कुठल्या तालुक्यातल्या कुठल्या शाळेत मिळेल, हे शोधण्यातच महिने जातात. मग ते तपासणाऱ्या जात पडताळणी समितीकडे त्याहून जास्त. निवडून आल्यावर मुदतीत या समितीचं जात वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर पद जातं, आणि असं पद गमावलेल्या बाईला पुन्हा तिकीट मिळवणं फार जड जातं.

दोनापेक्षा जास्त अपत्यं, मिळकत कराची थकबाकी, महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध, यातलं काहीही अपात्र ठरवू शकतं. घरात कुणी ठेकेदार असेल तर त्याचे कागद चांगल्या वकिलाला आधी दाखव. शपथपत्रातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं. अर्जावर तुझं नाव सुचवणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक त्याच प्रभागाच्या मतदार यादीतले हवेत. त्यांचं नाव यादीत स्वतः डोळ्यांनी बघ, ‘आहे हो’ या शब्दावर जाऊ नकोस.

यादीचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबू, कारण निवडणूक तिथेच जिंकली जाते. शहरात 35 लाखांहून जास्त मतदार आणि 41 प्रभाग. म्हणजे एका प्रभागात साधारण ऐंशी-नव्वद हजार मतदार येतात. एका मतदान केंद्रावर आठशे-नऊशे धरले तर नव्वद-शंभर केंद्रं. एवढी घरं एकटीनं होत नाहीत. दर केंद्रामागे दोन बायका लागतात, एक सकाळी वेळ असलेली, एक संध्याकाळी. बचत गटातल्या, अंगणवाडीच्या पालकसभेत भेटणाऱ्या, सोसायटीच्या कमिटीत हिशेब ठेवणाऱ्या बायका हे काम नेटकं करतात. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना मात्र यात ओढू नकोस, त्यांची नोकरी अडचणीत येईल.

या बायकांना पहिलं काम यादी वाचण्याचं दे. लग्न करून आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरी असतं, भाडेकरूचं जुन्या पत्त्यावर, गेलेल्या आजींचं मात्र यादीत तसंच. नव्या नावासाठी नमुना 6, नाव वगळायला 7, पत्ता किंवा तपशील बदलायला 8. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का हे ज्या दिवशी मोजतात त्या तारखा, आहेत, त्यामुळे अठराव्या वर्षाच्या मुलींना वर्षभर थांबावं लागत नाही. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरून एका ठरलेल्या तारखेला उचलली जाते आणि प्रभागांत फोडली जाते. या विभागणीत एखादी इमारत उचलून भलत्याच प्रभागात जाते. हरकतीची मुदत अगदी थोडी असते. त्या दिवसांत घरचं कार्य असलं तरी तुझ्या दोन बायका क्षेत्रीय कार्यालयात बसलेल्या हव्यात.

पॅनेलमध्ये, म्हणजे प्रभागातल्या एकाच पक्षाच्या उमेदवारांच्या गटात, उभी राहिलीस की आणखी एक गोष्ट घडते. पत्रकावर ‘मुख्य’ उमेदवाराचा फोटो मोठा, तुझा कोपऱ्यात. प्रचारात ‘ताईंनाही एक मत द्या’ एवढाच उल्लेख. हे हसत सोडून देऊ नकोस. पहिल्याच बैठकीत स्वतःच्या जबाबदारीची केंद्रं मागून घे, त्यांची नावं कागदावर लिहून घे, आणि मतमोजणीनंतर त्या केंद्रांचे आकडे जपून ठेव. पुढच्या तिकिटाच्या वेळी तेच आकडे तुझ्यासाठी बोलतील. मतदारांनाही नीट समजावून सांग: चारही जागांसाठी बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. ज्येष्ठ बायका एक बटण दाबून वळतात.

पैसा. पुण्यात खर्चाची मर्यादा उमेदवारामागे 15 लाख रुपये आहे. निवडणुकीचं खातं तुझ्या नावानं, चेकबुक तुझ्या पर्समध्ये, रोजची नोंद तुझ्या किंवा तुझ्या विश्वासातल्या बाईच्या हातची. चहा, वडापाव, खुर्च्या, मांडव यांचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं. तू कमी दर दाखवलास तरी हिशेब त्यांच्या दरानं धरतात. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा असतो, चुकलं तर तीन वर्षं अपात्र. जिथे दीर किंवा सासरे ‘आम्ही बघतो’ म्हणतात, तिथे हे हमखास राहून जातं, आणि शिक्षा बाईला होते.

शेवटच्या रात्री एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, दुसऱ्याच्या हाती जातो, हेही मनाशी धरून ठेव. अर्ज, शपथपत्र, अनामत रक्कम सगळं तयार हवं. अपक्ष राहायचं की माघार घ्यायची हा निर्णय तुझा असावा, आणि तो त्या रात्री रडत घ्यायचा नसतो. तो आधीच ठरवून ठेव.

निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात ठरतं की नगरसेविका कोण आहे. लेटरहेड, शिक्का आणि फोन यातलं एकही नवऱ्याकडे जाता कामा नये. कनिष्ठ अभियंत्यानं ‘साहेबांना विचारतो’ म्हटलं की तिथेच, शांतपणे, ‘सही माझी असते’ असं सांग. एकदा सोडलंस तर पाच वर्षं तेच चालतं.

समित्यांचंही तसंच. बायकांना महिला व बालकल्याण समितीत बसवायची रीत आहे. ते काम महत्त्वाचं आहेच, पण तिजोरी स्थायी समितीत असते. तिथे 16 सदस्य असतात, निम्मे दर वर्षी निवृत्त होतात, म्हणजे संधी दर वर्षी येते. ती मागायची असेल तर अंदाजपत्रक वाचता आलं पाहिजे. 2025-26चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं होतं. सुरुवातीला त्यातली फक्त तुझ्या क्षेत्रीय कार्यालयाची पानं घे. कुठल्या कामाला किती तरतूद, पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, कधी झालं, निविदा कधी निघाली, वर्षअखेरीला त्या पैशाचं वर्गीकरण होऊन तो भलतीकडे वळला का, एवढं वहीत उतरव. मुख्य सभेत आवाज चढवणाऱ्यांची कमी नाही. सभेपुढच्या विषयांचं विषयपत्र वाचून आलेल्या बाईला मात्र अधिकारी वचकून असतात.

हे शिकायला नगरसेविका व्हावं लागत नाही. पुण्यात 2006 पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, नागरिक आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात. स्वच्छतागृहाला कडी आणि दिवा, बसथांब्यावर निवारा, पदपथावरचा उतार. यंदा पाच कामं सुचव आणि ती कुठे अडतात त्याचा माग काढ. दोन वर्षांत महापालिकेचं यंत्र तुला आतून कळेल.

पुढची वाट इथूनच जाते. वंदना चव्हाण पुण्याच्या महापौर होत्या, मग राज्यसभेत गेल्या. मुक्ता टिळक महापौर झाल्या आणि 2019 मध्ये कसब्यातून आमदार. पुढे आमदार झालेल्या माधुरी मिसाळ, मेधा कुलकर्णी यांचीही सुरुवात महापालिकेतूनच. तरी 2024च्या लोकसभेत 543 पैकी 74 बायका निवडून आल्या, आणि 288 आमदारांच्या विधानसभेत पंचवीससुद्धा नाहीत. 2023च्या 106व्या घटनादुरुस्तीनं तिथे बायकांना एक तृतीयांश जागा देऊ केल्या. त्यासाठी आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, असा क्रम त्या दुरुस्तीतच घातला आहे. त्या जागा येतील तेव्हा अंदाजपत्रक वाचता येणाऱ्या बायका तयार नसल्या तर तिथेही कुणाच्या तरी सुना आणि लेकी उभ्या केल्या जातील. तू त्या आधी तिथे पोचावीस, असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्रास होईल. समाजमाध्यमांवर घाणेरडं लिहितील. उत्तर देत बसू नकोस. तारीख, वेळ आणि दुव्यासह स्क्रीनशॉट काढ, सायबर पोलिसांत लेखी तक्रार दे, पोच घे. रात्रीच्या बैठकांना एकटी जाऊ नकोस आणि टाळूही नकोस, कारण तिकिटं तिथेच ठरतात. तुझ्यासारख्याच दोघी-तिघींनी मिळून जायचं.

या आठवड्यात दोन कामं कर. तुझ्या घराचा मतदार यादीतला भाग क्रमांक काढ, आणि आजोबांच्या शाळेचं नाव आईला विचार. दोन्ही मिळालं की कळव, मग क्षेत्रीय कार्यालयाची पानं घेऊन एकत्र बसू.

तुझ्या हितचिंतक