नाइट ड्यूटी सांभाळून नर्सने स्वतःचं स्वतः शिकायचं कसं?

वॉर्डातून ट्रेनिंगला कुणी सोडत नाही, मग स्वतःहून शिकलेलं चालतं का, असं तुम्ही विचारलंय. चालतं की! फक्त ‘आज काहीतरी वाचू’ असं म्हणून काही होत नाही. शिफ्टमध्ये जिथे हात अडखळला, तेवढाच विषय त्या आठवड्याला घ्या.

मी ड्रिप रेटपासून, म्हणजे सलाइन मिनिटाला किती थेंब सोडायचं त्यापासून, सुरुवात केली, कारण दर वेळी सीनियर सिस्टरना विचारायची लाज वाटायची. ५०० मिली सलाइन, ४ तास, सेट (सलाइनची नळी) २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांना १ मिली: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. रोज असं एक गणित डायरीत सोडवायचं आणि हँडओव्हरला (शिफ्ट बदलताना) मैत्रिणीकडून तपासून घ्यायचं. महिनाभरात तोंडी यायला लागलं. सेटच्या पाकिटावरचा आकडा मात्र बघाच. मायक्रोड्रिप ६० थेंबांचा असतो, तिथे उत्तर तिप्पट येतं.

सरकारी नोकरीत असाल तर आयगॉट कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन ट्रेनिंग पोर्टलवर कोर्स आहेत.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवणं, मात्र व्हिडिओ बघून येत नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंमी खोल, हे सगळ्यांना पाठ असतं. सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटं करून बघा, घाम फुटतो.