इस्लामी राजवटीत लोकशाही आणि बायकांचे हक्क टिकतात का?

नुसत्या मतपेटीवर जाऊ नका. इराणात बायका मतदान करतात, संसदेतही निवडून जातात. पण निवडणुकीला कोणी उभं राहायचं हे आधी धर्मगुरू अन् कायदेपंडित अशा १२ जणांचं पालक मंडळ (गार्डियन कौन्सिल) ठरवतं. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी आजवर एकाही बाईचा अर्ज मंजूर केलेला नाही. लग्न झालेल्या बाईला पासपोर्टसाठीसुद्धा नवऱ्याची परवानगी लागते. उलट ट्युनिशिया बघा, मुस्लीमबहुल देशच, पण १९५६ लाच तिथे कायद्याने बहुपत्नीत्व बंद झालं. म्हणजे किल्ल्या कुणाच्या कमरेला, ते बघायचं.

आमच्या परभणीकडे पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे. तरी ग्रामसभेत सरपंचबाई पदर सावरत कोपऱ्यात अन् खुर्चीत नवरा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तक्रार करायला इथे कलेक्टर कचेरी तरी आहे म्हणा.