वाचकांचे प्रश्न : काकुएइ तानाका

प्रश्न : उच्च शिक्षण नसताना जपानचे अर्थमंत्री झालेले तानाका कोण होते? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : १९१८ मध्ये निइगाता प्रांतातील बर्फाळ खेड्यात जन्मलेले काकुएइ तानाका १९४७ मध्ये संसदेत निवडून आले, १९५७ मध्ये टपालमंत्री, १९६२ मध्ये अर्थमंत्री आणि १९७२ मध्ये पंतप्रधान झाले. मागास राहिलेल्या आपल्या प्रांतात रस्ते आणि रेल्वे नेण्याचा त्यांचा ध्यास, अनुशेषाची झळ सोसलेल्या मराठवाड्यातील वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. आर्थिक व्यवहारांवरील टीकेमुळे त्यांनी १९७४ मध्ये पद सोडले. लॉकहीड विमानखरेदीतील लाचप्रकरणी १९८३ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवल्यानंतरही त्याच वर्षी मतदारांनी त्यांना प्रचंड मतांनी निवडून दिले, ही गोष्ट मला अतिशय अस्वस्थ करते.