पार्किंगमधली लंगडी

प्रश्न : शाळा सुटल्यावर सहा ते दहा वर्षांची बारा मुलं माझ्या पाळणाघरात असतात. जागा म्हणजे इमारतीचं पार्किंग. आली की मोबाईल मागतात. कोणता व्यायाम घेऊ?
– एक ताई, डोंबिवली

उत्तर : ताई, ‘व्यायाम’ हा शब्दच काढू नका. पीटीचा मास्तर म्हणून तीस वर्षं शिट्टी फुंकली. ‘व्यायाम’ म्हटलं की निम्म्या पोरांच्या पोटात दुखायचं!

आधी खाऊ. दप्तर टेकलं की मूठभर चणे-चुरमुरे, पाणी. अर्ध्या तासानं खडूनं चौकोन आखा आणि लंगडी लावा. पकडणारा एका पायावर, बाकीचे पळतात. लहान जागेत उलट रंगत येते. फक्त पुढच्या डावात पाय बदलायला लावा, नाहीतर सगळा भार एकाच पायावर. माझ्याकडचा एक गुबगुबीत मुलगा तीन उड्यांत बसकण मारायचा. त्याला गुण मोजायला बसवलं नाही, चौकोन लहान केला. दिवाळीपर्यंत तो पंधरा उड्या मारू लागला.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. ती सलग नसली तरी चालेल. आणि हो, गाड्या आधी बाहेर काढायला सांगा. आरशांचं बिल तुमच्या माथी नको.