घरात पहिलीच कॉलेजला गेलेली पुतणी खानापूरहून बेळगावला आलीय, "इथं माझं काही खरं नाही, परत येते" म्हणते. काय करावं?

लगेच घरी बोलावू नका, आधी तिला खानापूरकडचीच, एक-दोन वर्षं पुढची मुलगी गाठून द्या. बेळगावातल्या डिग्री कॉलेजात मी १२ वर्षं शिकवतोय. मराठी माध्यमाच्या मुली अभ्यासाला फारशा घाबरत नाहीत, अडतात त्या नोटीस बोर्डापाशी. नोटीस कन्नडात, वर्गात इंग्रजी, आणि इंटर्नलचे (कॉलेजनं स्वतः द्यायचे) मार्क कुठून येतात, बॅकलॉग राहिला, म्हणजे एखादा विषय सुटायचा राहिला, तर पुढं काय, हे घरी विचारायला कोणी नाही. बाकीच्यांना सगळं ठाऊक आहे असं वाटून पोर गप्प बसते. ठाऊक त्यांनाही नसतं हो, घरी विचारायला दादा-ताई असते एवढंच! सीनियर मुलगी तेच चहा पिता पिता सांगून टाकते. सरांनी सांगितलं की नुसती मान डोलावतात, माझा अनुभव आहे.

तुम्ही एवढं बघा:
- एसएसपी, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज. नाडकचेरीतून (दाखले देणारं सरकारी ऑफिस) काढलेल्या जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) लागतो, बँक खातं आधारला जोडलेलं हवं.
- शनिवारी घरी येऊ दे. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून कर्नाटकातल्या बायका-मुलींना राज्यात सरकारी साध्या बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत.

मात्र जेवण-झोप उडाली असेल किंवा कोणी त्रास देत असेल, तर सीनियरवर सोडू नका. स्वतः जाऊन प्राचार्यांना भेटा.