घरात पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला, मण्यार आहे की कवड्या कसं ओळखायचं?

पट्टे कुठून सुरू होतात ते बघा, लांबूनच हां, मोबाईलवर झूम करून. मण्यार काळीभोर किंवा निळसर काळी, चकचकीत, आणि तिचे पांढरे बारीक पट्टे बहुतेक जोडीजोडीने असतात, मानेजवळ नसतात किंवा एकदम फिके, शेपटीकडे जाताना ठळक होत जातात. कवड्याचं उलटं, मानेपासूनच जाड पट्टे आणि शेपटीकडे फिके, अंगाचा रंग बहुतेक तपकिरी. कवड्या भिंतीवर सरसर चढतो, पाली खायला घरात येतो, बिनविषारी आहे बिचारा, लोक मण्यार समजून मारतात.

ते त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी वगैरे सोडून द्या. घोणस, फुरसं यांना लागू पडतं, पण नाग आणि मण्यारचं डोकं काही तसं नसतं. दोन दातांच्या खुणांवरही जाऊ नका, मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, कधीकधी खूणही दिसत नाही, आणि मग पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो.

चावलाच तर साप ओळखत बसू नका आणि मारून सोबत नेऊ नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही सापांवर एकच आहे आणि डॉक्टर लक्षणं बघूनच देतात.

आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्या.